मधलं नाव

सकाळी अंघोळीच्या वेळेला सांगलीतली निम्मी म्हातारी माणसं थोडा वेळ कुणालाच ओळखत नसत, आणि त्याचं आता कुणाला काही वाटतही नसे. कानामागची स्मरणी काढायची, तिच्या पाळण्यात ठेवायची आणि न्हाणीघरात शिरायचं. अंग पुसून बाहेर येईपर्यंत आपण कोण, हे घर कुणाचं, टॉवेल हातात देणारी ही बाई कोण, काही म्हणून सांगता यायचं नाही. घराघरांत या वेळेला 'बिनओळखीची अंघोळ' असं नावही पडलं होतं. नातवंडं तेवढ्यात आजोबांना आपली खोटी नावं सांगून हसून घेत. माणूस कशालाही सरावतो, आणि एकदा सरावला की त्याची थट्टा करायला लागतो.

स्मरणी म्हणजे वाटाण्याएवढं एक यंत्र. वय झालं की आठवणी मेंदूतून पुसल्या जातात असं पूर्वी लोक समजत. तसं नसतं, हे आता शाळेतली मुलंसुद्धा सांगतात. आठवण जागच्या जागी असते, हरवतो तो तिचा पत्ता. वाचनालयातली पुस्तकं कपाटांत तशीच आहेत, पण सूचीची कार्डं वाळवीने खाल्ली, असं समजा. स्मरणी बसवण्याआधी माणसाला जुने फोटो दाखवून, जुने आवाज ऐकवून ही कार्डं पुन्हा तयार करतात. मग समोर एखादा चेहरा आला की स्मरणी योग्य ते कार्ड शोधते आणि मेंदूतल्या नेमक्या त्या जागी विजेची बारीकशी टिचकी मारते. पुढचं काम मेंदू स्वतःच करतो.

ही सगळी कार्डं घरच्या संगणकावर एका फाइलमध्ये असतात. एका कार्डाची एक ओळ. ओळीत आधी माणसांची नावं, मग जागा, मग मनात काय होतं ते एका शब्दात, आणि शेवटी मेंदूतल्या पत्त्याचा लांबलचक आकडा. अंघोळीच्या वेळी स्मरणी संगणकाला जोडलेल्या त्या पाळण्यात पडली की ती ही फाइल वाचून घेते आणि संगणक म्हणेल ते खरं मानते. फाइल घराबाहेर कुठेही ठेवायला कायद्याने बंदी आहे. लोकांच्या आठवणी कंपन्यांच्या हाती नकोत, म्हणून हा कायदा झाला होता. कायदा चांगला होता.

वैजयंती सबनीस यांना स्मरणी बसवली तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि दिवसभर त्या एकच प्रश्न विचारायच्या, "मी कुठे आहे?" त्यांची एकुलती एक मुलगी रेवती उत्तर देऊन देऊन थकली होती. विश्रामबागेतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये या दोघीच. रेवती पन्नाशीची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. लग्न झालं तेव्हा तिने नाव बदललं नव्हतं. जन्माला आले ते नाव घेऊनच मरणार, असं तिने भर मांडवात सासूला ऐकवलं होतं, आणि पुढे लग्न मोडलं तेव्हा निदान कागदपत्रांची कटकट वाचली. स्मरणी बसवणाऱ्या तंत्रज्ञाने जवळच्या सगळ्या माणसांची पूर्ण नावं भरायला सांगितली, ती तिने भरली. पूर्ण नाव म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी आई तिच्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "रेवू, किती वाळलीस गं." रेवती स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

त्याच संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या होत्या. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. आई घास तसाच ताटात टाकून उठली, ताट आत नेऊन ओट्याखाली सारलं, रेडिओ बंद केला आणि फ्रिजच्या आडोशाला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लिफ्टमधून शेजारचे पाटणकर उतरले आणि आपल्या दाराकडे गेले.

रेवतीचे वडील भालचंद्र सबनीस बँकेत मोठे अधिकारी होते. चारचौघांत इतके सभ्य, की लोक त्यांचं उदाहरण देत. घरात त्यांचा हात उठायचा. जेवण गार असलं तरी, आणि गरम असलं तरी. त्यांना जाऊन कैक वर्षं लोटली होती. आईची स्मृती गेली तेव्हा तिच्याबरोबर ही भीतीही गेली होती. स्मरणीने मुलगी परत दिली आणि नवराही परत दिला.

"ते नाहीत हे मला माहीत आहे गं," आई म्हणायची. "पाय ऐकत नाहीत."

रोज संध्याकाळी लिफ्ट कितीतरी वेळा थांबायची. आई जेवेनाशी झाली. तिचं मनगट रेवतीच्या दोन बोटांत मावायला लागलं.

मग रेवती मिरजेला डॉ. कारखानीसांकडे गेली. स्मरणीचा पहिला नमुना ज्यांनी बनवला त्यांच्यातले ते एक, आणि त्याही आधी कॉलेजात त्यांनी रेवतीला पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्त होऊनही शिकवायची खोड गेली नव्हती, आणि तोंडाचा फटकळपणाही.

"कंपनीच्या प्रोग्राममधून आठवण काढता येते, सर," रेवती म्हणाली. "पण एका वेळी एकच. आणि काढण्याआधी तो ती आठवण आईला पूर्ण दाखवतो. मग विचारतो, खात्री आहे का. हो म्हटलं की पुन्हा विचारतो."

"आम्हीच घातलंय ते. मुद्दाम."

"म्हणजे मार खाल्लेला एकेक दिवस तिने पुन्हा बघायचा?"

"म्हणजे कुणी एका झटक्यात माणूस काढून टाकू नये," कारखानीस म्हणाले. "लोक रागाच्या भरात काय काय काढतील याचा आम्हाला अंदाज होता."

रेवती खुर्चीत पुढे सरकली. "मला काढायचं नाही. नुसतं मोजायचंय. किती आहेत त्या, एवढं तरी कळू दे."

कारखानीसांनी चष्मा काढून पुसला. मोजण्यात काय वाईट आहे, असं त्यांना वाटलं असावं. शिवाय कुणाला काही शिकवायची संधी त्यांनी आयुष्यात सोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते सांगलीला आले, आईशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि संगणकासमोर खुर्ची ओढून बसले.

"तुझ्या संगणकावर विंडोज आहे. तो यजमान," ते म्हणाले. "मोठा अगत्यशील. चित्रं दाखवतो, बटणं पुढे करतो, आणि हजारदा विचारतो, खात्री आहे ना. याच्या घरात आपण एक पाहुणा आणून ठेवायचा. युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीच्या घराण्यातला. माझ्या वडिलांच्या तरुणपणची हत्यारं घेऊन येतो तो, आणि आजही त्यांना गंज चढलेला नाही."

रेवतीने ते सांगतील ती एक ओळ लिहिली. संगणकाने बरंच काही उतरवून घेतलं, बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्र नव्हतं की बटण नव्हतं. खिडकीने नाव विचारलं, मग पासवर्ड विचारला. रेवती टाइप करायला लागली आणि थांबली.

"काहीच उमटत नाही, सर. ठिपकेसुद्धा."

"उमटणार नाही. कर पुरं."

तिने पुरं केलं. आणि खरोखरच ते चाललं होतं.

"याचा स्वभाव लक्षात ठेव," कारखानीस म्हणाले. "हा विचारत नाही आणि सांगतही नाही. काम झालं की गप्प बसतो. चुकलं तरच तोंड उघडतो. नवशिक्यांना वाटतं काही झालंच नाही, म्हणून तीच आज्ञा पुन्हा देतात. गप्प बसला म्हणजे झालं."

"बरं आहे की. कटकट नाही."

"झालं म्हणजे तू सांगितलंस ते झालं. तुला हवं होतं ते झालं असं नाही."

मग त्यांनी हत्यारं दाखवली. एकेक हत्यार एकच काम करायचं. 'कॅट' फाइल समोर वाचून दाखवायचं. 'ग्रेप'ला एखादा शब्द सांगितला की तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढायचं. 'डब्ल्यूसी' ओळी मोजायचं. आणि दोन हत्यारांच्या मध्ये एक उभी रेघ मारली की पहिल्यातून निघालेलं दुसऱ्यात पडायचं. स्वयंपाकघरात चाळणीखाली परात धरतात तसं. रेवतीला हे फार आवडलं. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईला गाळणं, वेगळं करणं, मोजणं हे आवडायचंच. कंपनीच्या प्रोग्रामने जे रंगीत चित्रांमागे दडवलं होतं ते इथे साध्या ओळींत समोर पडलं होतं.

"आणि सगळ्यांत आधी हे," कारखानीसांनी तीन अक्षरं लिहिली. "'पीडब्ल्यूडी'. म्हणजे, मी कुठे आहे? बसलीस की पहिल्यांदा हे विचारायचं. पाहुण्याची स्वतःची खोली असते, पण यजमानाचं सगळं घर त्याला उघडं असतं. काळ्या खिडकीत आहेस म्हणजे पाहुण्याच्याच खोलीत आहेस, असं समजू नकोस."

"आईचा प्रश्न," रेवती हसून म्हणाली.

त्यांनी आठवणींच्या फाइलची एक प्रत पाहुण्याच्या खोलीत ठेवली. "खेळायचं ते हिच्याशी खेळ. यजमानाकडची खरी. तिला हात लावायचा नाही."

रेवतीने पहिल्यांदा ज्या ओळींत 'भालचंद्र' होतं त्या वेगळ्या काढल्या, मग त्यांतून 'भीती' लिहिलेल्या, मग मोजल्या. आकडा आला तो खरा वाटेना म्हणून तिने पुन्हा मोजलं, तर तोच आला. आतून आईने विचारलं, चहात साखर किती.

दारात चपला घालताना कारखानीस म्हणाले, "काढायचा विचार मनात येणार. आला तर आधी तिला विचार. आठवणी तिच्या आहेत."

रेवतीने विचारलं. आईचे केस विंचरता विंचरता, मागे उभी राहून, म्हणजे चेहरा दिसायला नको. "आई, बाबा आठवलेच नाहीत तर बरं होईल का गं?"

आईने मांडीवर पडलेली गुंतवळ बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "त्यांना काढून माझ्यात उरेल काय?"

हे ऐकून रेवतीच्या अंगाची लाहीलाही झाली. एवढं सोसून शेवटी हेच का, असं तिला वाटलं. जन्मभर मान खाली घातलेल्या बाईची सवय बोलतेय, असा तिने त्याचा अर्थ लावला. आई अगदी शब्दशः खरं बोलत होती, हे तिच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

रविवारी दुपारी आई खिडकीशी बसली होती. रेवती संगणकाशी बसली. या आठवड्यात तिने आणखी वाचलं होतं. 'सेड' नावाचं एक हत्यार होतं, ते सांगितलेल्या शब्दाच्या ओळी फाइलमधून जागच्या जागी काढून टाकायचं. तिला फक्त बघायचं होतं. वडील गाळून आई किती उरते, एवढंच. प्रतीवर बघायला काय हरकत आहे, असं ती स्वतःशी म्हणाली. ठरवलं काहीच नव्हतं, असं तिने पुढे कारखानीसांना सांगितलं, आणि ते जवळजवळ खरं होतं.

स्मरणीची फाइल जिथे होती ते फोल्डर तिने विंडोजमध्ये उघडलं, माउसचं उजवं बटण दाबलं आणि 'इथे उघडा' म्हणून काळी खिडकी तिथूनच उघडली. नवं शिकलेला माणूस जवळची वाट शोधतोच. पण काळी खिडकी जिथून उघडावी तिथेच उभी असते, आणि या वेळी ती यजमानाच्या घरात उभी होती. फाइलचं नाव दोन्हीकडे एकच होतं. ती तीन अक्षरं लिहायची ती विसरली.

तिने ओळ लिहिली. भालचंद्र हे नाव ज्या ज्या ओळीत आहे, ती ती ओळ काढ. एन्टर दाबलं.

काळी खिडकी काही बोलली नाही. लिफ्ट वाजली आणि आई उठून आत गेली. रेवतीने तिला हाताला धरून परत आणलं, पाणी दिलं, आणि संगणक बंद करून टाकला. उद्या सरांशी बोलू, असं तिने ठरवलं.

सोमवारी सकाळी आई अंघोळ करून बाहेर आली. रेवतीने पाळण्यातली स्मरणी उचलून तिच्या कानामागे बसवली. यानंतर आईचे डोळे क्षणभर मिटायचे, मग उघडायचे आणि ती म्हणायची, "रेवू, पाणी मस्त गरम होतं." डोळे मिटले आणि उघडले. आईने तिच्याकडे पाहिलं आणि परक्या माणसाकडे बघून हसावं तशी अदबीने हसली.

"तुम्ही कोण, बाई? आई कुठे गेली?"

रेवतीने स्मरणी काढली, पुसली, पुन्हा बसवली. आई तेवढ्याच अदबीने म्हणाली, "दुखतंय का तुमचं काही? बसा ना."

रेवतीने कारखानीसांना फोन लावला. तिचा आवाज ऐकून त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "काय टाइप केलंस? अक्षर न अक्षर वाच."

तिने सांगितलं.

"रेवती," ते म्हणाले, "तुझं पूर्ण नाव सांग."

"रेवती भाल..." एवढं म्हणून ती थांबली.

"आणि आईचं?"

आईचंही तेच होतं. वैजयंती, मग नवऱ्याचं नाव, मग सबनीस. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या त्या नावामागे भालचंद्र कायमचा बसला होता, आणि रेवती जन्मली तेव्हा तिच्याही नावात तोच येऊन बसला होता. 'ग्रेप' असो की 'सेड', त्यांना नातं कळत नाही, शब्द कळतो. मुलीला शाळेत सोडल्याची सकाळ, तिच्या तापात जागवलेल्या रात्री, तिचा पहिला पगार, सगळ्या ओळींत मध्ये ते नाव होतं. हत्याराने सांगितलेलं काम चोख केलं होतं. उरली होती ती कुरुंदवाडची शालन रघुनाथ दीक्षित, माहेरची, बिनलग्नाची.

"पण तिला आरशात कळत नाही का?" रेवतीने नंतर विचारलं. कारखानीस तोवर धावतपळत आले होते.

"मेंदू रिकामी जागा ठेवत नाही. गोष्ट रचून ती भरतो. विचार तिला."

शालन आरशात बघून म्हणाली होती, "टायफॉइडने पार म्हातारी करून टाकली हो मला." आणि या घरात कशी, तर औषधपाण्यासाठी सांगलीला आणून ठेवलंय, आई येईलच दोन दिवसांत. तिचं सगळं जागच्या जागी बसलं होतं.

कारखानीसांनी पाहुण्याची खोली उघडली. सरावाची प्रत तिथे जशीच्या तशी पडलेली होती. खरी गेली होती आणि खेळायला दिलेली तेवढी शाबूत होती. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि एक ओळ लिहिली. ही प्रत उचल आणि खरीच्या जागी ठेव. एन्टर दाबायला हात पुढे केला तेव्हा रेवतीने तो धरला.

"थांबा, सर. जरा थांबा."

बाहेरच्या खोलीत लिफ्टचा आवाज आला होता. शालन दाराकडे पाठ करून पोहे खात होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. बशी संपवली आणि आणखी मागितले.

"हे असंच ठेवून चालणार नाही," कारखानीस हळू आवाजात म्हणाले. "पत्ता नसलेल्या घरात दुसरं कुणीतरी राहायला येतं. मेंदू त्या जागा नव्या आठवणींना देऊन टाकेल. फार तर गणपतीपर्यंत. त्यानंतर प्रत ठेवलीस तरी टिचकी भलत्याच दारावर बसेल."

"बाबांना वगळून फक्त मला परत आणता येणार नाही? ज्या ओळींत माझं नाव आहे तेवढ्याच ठेवायच्या."

"बघ की करून. तुला येतं आता."

तिने प्रतीतून 'रेवती' असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या आणि त्यांतून 'भीती' असलेल्या मोजल्या. मग तो आकडा तिने त्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहिला. आई जिथे जिथे भ्यायली होती, तिथे तिथे बहुतेक वेळा रेवती होती. त्या ओळींतली भीती माराची नव्हतीच. पोरीवर हात पडेल याची होती. आई मध्ये उभी राहायची, हे रेवतीला माहीत होतं, पण इतक्यांदा हे माहीत नव्हतं. ज्या ओळीत ती होती त्यात वडील होते, आणि तिला परत आणायचं तर ती सगळी संध्याकाळ परत आणावी लागणार होती.

कारखानीस उठले. "ओळ लिहून ठेवलीय. एन्टर तू दाबायचं आहेस. मी दाबणार नाही, आणि दाबू नको असंही म्हणणार नाही." जिन्यापर्यंत जाऊन ते परत फिरले. "ही हत्यारं मी तुला शिकवायला नको होती."

श्रावण सरत आला. रेवतीने कॉलेजातून रजा घेतली. शालनच्या लेखी ती सांगलीतल्या त्या घरची बाई होती, स्वभावाने बरी, थोडी अबोल. शालनच्या अंगावर मांस आलं. सकाळी ती गॅलरीत उभी राहून पाखरांशी बोलायची, रेडिओ मोठ्याने लावायची आणि आपल्याला बी. एस्सी. करायचंय, वडील नको म्हणताहेत, अशी तक्रार करायची. आपली आई अशी होती, हे रेवतीला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिला तिचा लळा लागला. आणि रोज एकदा तरी ती 'आई' म्हणायला तोंड उघडायची आणि मिटायची. हे दुःख सांगायला जावं असं एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून तिला 'तुम्ही' म्हणत होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती संगणकापुढे बसली. आज दाबायचं, असं तिने सकाळपासून घोकलं होतं. काळ्या खिडकीत ती ओळ होती, शेवटी पांढरा ठोकळा लुकलुकत होता. शालन खाली चटईवर गवार निवडत बसली होती.

"बाई, एक विचारू? तुम्ही कोणाच्या?"

लहानपणापासून या प्रश्नाचं उत्तर रेवतीला पाठ होतं. कुठल्याही गावात, कुठल्याही लग्नात म्हाताऱ्या बायका हनुवटी धरून हेच विचारायच्या, आणि उत्तरात वडिलांचं नाव सांगायचं. ते नाव तिच्या ओठांपर्यंत आलं. स्मरणी आजही नव्या ओळी लिहीत होती. उच्चारलं तर ते पुन्हा लिहिलं जाईल.

"शालनची," ती म्हणाली.

शालन खुदकन हसली. "शालन तर मी. माझं कुठे लग्न झालंय अजून?" मग शेंगेचं देठ मोडता मोडता तिचा हात मंदावला. "ठरतंय मात्र. सांगलीचंच स्थळ आहे. मुलगा बँकेत आहे म्हणे, नावबिव मला काही सांगितलेलं नाही. घर चांगलं आहे, माणसं सभ्य आहेत, असं बाबा म्हणतात. मला विचारलंय, हो की नाही ते सांग. आमच्यात मुलीला कुठे विचारतात? पण बाबांनी विचारलंय."

ही ओळ शिल्लक राहिली होती, कारण तिच्यात नाव नव्हतं. तिची आई गेला दीड महिना या दारात उभी होती आणि आत पाऊल टाकायचं बाकी होतं.

"तुम्ही सांगलीच्या," शालन म्हणाली. "तुम्हाला माणसं कळत असतील. तुम्ही सांगा, हो म्हणू?"

बाहेर लिफ्ट थांबली. तिचं दार उघडलं, बंद झालं. शालनने शेंग मोडली आणि उत्तराची वाट बघत मान वर केली. तिच्या डोळ्यांत रेवतीला ओळखणारं काहीही नव्हतं आणि घाबरलेलंही काही नव्हतं. हो म्हटलं तर रेवती जन्मणार होती. तापात जागवणारी आई होणार होती, आणि फ्रिजच्या आडोशाला भिंतीला पाठ लावून उभी राहणारीही तीच होणार होती. रेवतीला हो म्हणायचं होतं. तिला आईच्या मांडीत डोकं ठेवून हो म्हणायचं होतं.

"नाही म्हण, शालन," ती म्हणाली.

"खरंच?"

"हो. स्पष्ट नाही म्हण."

गवारीचा ढीग शालनने सारखा केला. रेवती संगणकाकडे वळली. कारखानीसांनी लिहिलेली ओळ तिने मागून एकेक अक्षर करत खोडली आणि तिच्या जागी 'आरएम', म्हणजे कायमचं पुसून टाक, असं लिहिलं, पुढे प्रतीचं नाव लिहिलं. त्याआधी तीन अक्षरं लिहून आपण कुठे आहोत ते मात्र या वेळी तिने विचारलं, आणि ती बरोबर पाहुण्याच्या खोलीत होती. मग एन्टर दाबलं. विंडोजने विचारलं असतं, खात्री आहे का. दोनदा विचारलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, कुणीतरी विचारायला हवं होतं. काळी खिडकी गप्प राहिली, म्हणजे झालं होतं.

मागे शालनने मोकळा श्वास सोडला आणि शेंगांची परात पुढ्यात ओढली.

"बरं झालं बाई तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "मी तर हो म्हणणार होते."